निलंबित पोलिसाच्या घरची चूल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून दोन ओळींची बातमी येते. अमुक ठाण्याचा पोलीस शिपाई निलंबित. कुणी ती वाचून 'बरे झाले' म्हणतो, कुणी 'बिचारा अडकला' म्हणतो आणि पान उलटतो. आपल्यापुरती बातमी तिथे संपते. त्या शिपायाच्या घरात मात्र ती तिथून सुरू होते. एक तारखेला किती पैसे येणार, पोराची फी कशी भरायची, क्वार्टर राहील की जाईल, पतसंस्थेचा हप्ता कोण भरणार, हे सगळे प्रश्न त्याच संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसतात. आज त्या घराविषयी बोलायचे आहे.

ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या मनात लगेच येईल, की ज्याने पैसे खाल्ले, ज्याने कोठडीत माणसाला मारले, त्याची कणव कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर निलंबन म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू.

निलंबन ही शिक्षा नाही

निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. नोकरी संपत नाही, ती टांगलेली राहते. आरोपाची चौकशी होईपर्यंत कर्मचाऱ्याला कामापासून दूर ठेवायचे, कारण तो खुर्चीवर राहिला तर कागद बदलेल, साक्षीदारावर दडपण आणेल, अशी भीती असते. एवढाच त्याचा हेतू. नियमांत ज्या शिक्षा लिहिल्या आहेत, म्हणजे सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणे, पदावनती, सेवेतून काढणे, बडतर्फी, त्यांत चौकशीसाठी केलेले निलंबन मोडत नाही. सरकारी नोकर फौजदारी गुन्ह्यात ४८ तासांपेक्षा जास्त काळ अटकेत राहिला, तर तो आपोआप निलंबित मानला जातो. इतर वेळी वरिष्ठ अधिकारी आदेश काढतात.

पोलिसाच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम सांगतो, की निलंबनाच्या काळात पोलिसाचे अधिकार थांबतात, पण तो पोलीस राहतोच, आणि त्याच्यावरचे वरिष्ठांचे नियंत्रणही तसेच राहते. थोडक्यात, अधिकार गेले आणि बंधने राहिली. ओळखपत्र जमा, हत्यार जमा, अंगावर वर्दी नाही. तरी परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, दुसरी नोकरी करायची नाही, वर्तमानपत्राकडे जायचे नाही. अशा अधांतरी अवस्थेत माणूस किती दिवस राहील? कधी तीन महिने, कधी तीन वर्षे.

वर्दी उतरवावी का लागते

निलंबन मुळात हवेच कशाला, हे आरमोरीकरांना दूरचे उदाहरण देऊन सांगायला नको. आपल्या शेजारचे देसाईगंज पुरे आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. त्या निकालाने अस्वस्थ होऊन कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर महिलांची आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कोठडीतील बलात्काराचा स्वतंत्र गुन्हा कायद्यात आला. ज्या ठाण्यात तक्रार द्यायची त्याच ठाण्यात आरोपी वर्दी घालून बसलेला असेल, तर जंगलातल्या पाड्यावरची बाई कुठे जाईल? म्हणून गंभीर आरोप झाला की वर्दी उतरली पाहिजे. यात दुमत नाही.

आपल्या भागात दुसरेही एक कारण आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी तालुका, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. तिथली बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. नदीच्या एका काठावर दुकान उघडे आणि दुसऱ्या काठावर तीच बाटली गुन्हा, अशा ठिकाणी नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायासमोर मोह रोज उभा असतो. काही त्याला बळी पडतात. उलटही होते. ज्याचा माल पकडला, तोच चार दिवसांनी शिपायाने पैसे मागितल्याची तक्रार घेऊन येतो. दोन्ही तक्रारी कागदावर सारख्याच दिसतात. त्यांतली खरी कोणती, हे चौकशीशिवाय कळत नाही. आणि निलंबनाचा आदेश चौकशीच्या आधी निघतो, हे विसरता कामा नये. आदेशाच्या दिवशी दोषी आणि निर्दोष एकाच रांगेत उभे असतात.

अर्धा पगार आणि त्याचे नियम

निलंबित कर्मचाऱ्याला पगार मिळत नाही, निर्वाह भत्ता मिळतो. महाराष्ट्रात त्याचे नियम १९८१ चे आहेत. अर्धवेतनी रजेवर असताना जेवढे वेतन मिळाले असते तेवढी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता, असा हा हिशेब. समजा मूळ वेतन ३० हजार रुपये आहे. तर पहिले तीन महिने १५ हजार आणि त्यावरचा महागाई भत्ता. तीन महिन्यांनंतर अधिकाऱ्याने फेरविचार करायचा. चौकशी कर्मचाऱ्याच्या दोषाशिवाय लांबली असेल तर ही रक्कम तिच्या निम्म्यापर्यंत वाढवता येते, म्हणजे १५ चे साडेबावीस हजार होऊ शकतात. कर्मचाऱ्यानेच चौकशी रेंगाळत ठेवली असेल तर ती तेवढीच कमीही करता येते, म्हणजे साडेसात हजार. ही वाढ आपोआप होत नाही, अधिकाऱ्याचा आदेश लागतो. अनेक घरांना हे माहीतच नसते. तीन महिने उलटले की एक साधा अर्ज करायचा असतो, तो कुणी सुचवत नाही, आणि वर्षभर घर अर्ध्यावरच चालते.

या भत्त्यातून काय कापायचे याचेही नियम आहेत. आयकर, सरकारी घराचे भाडे आणि सरकारकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता कापला जातो. विम्याचा हप्ता किंवा सहकारी संस्थेचे देणे कापायचे तर कर्मचाऱ्याची लेखी संमती हवी. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी कापायची नसते. ऐकायला हे सोपे वाटते. पण पोलिसांच्या पतसंस्थेचे कर्ज कसे असते, ते पाहा. घर बांधायला किंवा बहिणीच्या लग्नाला कर्ज काढले, त्याला ठाण्यातलेच दोन सहकारी जामीनदार. संमती दिली नाही तर हप्ता थकतो, व्याज चढते आणि संस्था जामीनदाराकडे वळते. कालपर्यंत सोबत गस्त घालणारा मित्र आज आपल्या पगारातली कपात बघून तोंड फिरवतो. संमती दिली तर घरात किराण्याला उरत नाही. निलंबित माणसाची पहिली मैत्री बहुधा याच हप्त्यावर तुटते.

भत्ता मिळवण्यासाठी दर महिन्याला एक प्रमाणपत्र द्यावे लागते: या काळात मी दुसरी नोकरी, धंदा किंवा व्यवसाय केलेला नाही. ते दिले नाही की बिल अडते. आरमोरीच्या बाजूला कितीतरी शिपायांच्या घरी धानाच्या दोन-चार बांध्या असतात. पावसाळ्यात रोवणीला घरचा माणूस हातभार लावणारच. वडिलोपार्जित शेतीत राबणे आणि दुसरी नोकरी धरणे एक नव्हे. तरी घरी शेती आहे हे कार्यालयाला आधी लेखी कळवून ठेवलेले बरे, म्हणजे पुढे त्याचाच नवा आरोप होत नाही.

न्यायालयाने काय सांगितले

हा भत्ता ही सरकारची मेहेरबानी आहे, असे अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ते मत पुन्हा पुन्हा खोडले आहे. त्यातले एक प्रकरण तर महाराष्ट्राचेच. पूर्वीच्या मुंबई नागरी सेवा नियमांत अशी तरतूद होती, की निलंबित कर्मचाऱ्याला फौजदारी न्यायालयात शिक्षा झाली तर त्याचे अपील चालू असतानाही भत्ता महिना एक रुपयावर आणायचा. एक रुपया! महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान ताले या खटल्यात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. ज्याचे अपील अजून चालू आहे त्याला उपाशी ठेवून न्याय होत नाही, हे त्या निकालाचे सार.

दुसरा खटला १९७३ चा आहे. त्यातली भूमी आपल्याला ओळखीची वाटेल. मध्य प्रदेशातील घनश्यामदास श्रीवास्तव नावाचे वनक्षेत्रपाल निलंबित झाले. ते रीवा येथे राहत होते आणि चौकशी ठेवली होती सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या जगदलपूरला, म्हणजे आपल्या पूर्वेच्या बस्तरमध्ये. निर्वाह भत्ता मिळालेला नव्हता. प्रवासाला पैसे नाहीत म्हणून येऊ शकत नाही, असे त्यांनी कळवले. चौकशी त्यांच्या गैरहजेरीत झाली. भत्त्याचे पहिले पैसे हाती आले तोवर काही साक्षी होऊन गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अशी चौकशी टिकत नाही. पैशाअभावी ज्याला हजर राहता आले नाही, त्याला बाजू मांडण्याची संधी मिळाली असे म्हणता येत नाही.

या निकालाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. भत्ता वेळेवर न दिल्याचा तोटा कोणाला झाला? त्या अधिकाऱ्याला झालाच. पण सरकारचाही झाला, कारण सगळी चौकशी वाया गेली. समजा तो माणूस खरोखर दोषी असता, तर? तर केवळ चार पैसे वेळेवर न दिल्यामुळे दोषी माणूस सुटला असता. म्हणून म्हणतो, निलंबित पोलिसाच्या घरची चूल पेटती ठेवणे हे फक्त त्याच्या हिताचे नाही. ज्या आदिवासी बाईने किंवा टपरीवाल्याने त्याच्याविरुद्ध तक्रार केली, त्यांच्याही हिताचे आहे. चौकशी पक्की झाली तरच तिचा निकाल वर टिकतो.

एकटेपण

पैशाचे दुखणे मोजता येते. दुसरे दुखणे मोजता येत नाही. निलंबनाच्या आदेशात एक ओळ ठरलेली असते, या काळात आपले मुख्यालय अमुक राहील आणि परवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. आरमोरी ठाण्याच्या शिपायाला मुख्यालय गडचिरोली दिले, तर बायकामुले आरमोरीत आणि हा तिकडे हजेरी द्यायला. अंतर पस्तीसेक किलोमीटर, पण रोजचे बसभाडे अर्ध्या पगारातून जाते. दक्षिणेकडे सिरोंच्यात घर असेल तर दोन चुली पेटवाव्या लागतात.

या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या पोलिसाला नसते. इथले बरेच जवान भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या गावांतून आलेले आहेत. सुट्टीवर गावी गेलेल्या पोलिसांच्या हत्या या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. आज माओवादी चळवळ बरीच ओसरली आहे. तरी ज्या आईने ते दिवस पाहिले, ती हत्यार जमा करून रिकाम्या हाताने गावी येणाऱ्या मुलाला 'ये' म्हणताना आजही कचरते. म्हणजे शहरात राहायला पैसे नाहीत आणि गावी जायला धीर नाही.

त्यात गाव लहान. दिवाळीनंतर मंडईचे दिवस येतात, पाहुणे येतात, रात्री झाडीपट्टीची नाटके होतात. निलंबित माणसाची बायको त्या वर्षी मंडईला जात नाही. कुणी काही विचारेल म्हणून नव्हे, कुणी काहीच विचारणार नाही म्हणून. मुलगा शाळेत भांडून येतो. मुख्यालयातही तेच. चौकशी चालू असलेल्या माणसाशी बोललो तर आपलेही नाव येईल, या भीतीने सहकारी चहाला हाक मारत नाहीत. दिवसभर काम नाही, रात्री झोप नाही. अशा वेळी दारूची वाट किती जवळ असते, हे पोलिसाइतके कुणाला ठाऊक?

इतर सरकारी कर्मचाऱ्यांवर अशी वेळ आली तर त्यांची संघटना असते. शिक्षकाची असते, तलाठ्याची असते. संघटनेचा माणूस अर्ज लिहून देतो, साहेबांना भेटतो, वकील सुचवतो. महाराष्ट्रातील पोलिसाला ती सोय नाही. संसदेने १९६६ मध्ये कायदा करून पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर मर्यादा घातल्या. तरीही राज्यात काही वर्षे पोलिसांची संघटना चालली. १८ ऑगस्ट १९८२ रोजी तिच्या पुढाऱ्यांना अटक झाली, संघटनेची मान्यता गेली, मुंबईत पोलीस रस्त्यावर उतरले आणि शहर आवरायला लष्कर बोलवावे लागले. शिस्तीच्या दलात असे घडू नये, हे खरेच. पण तारीख लक्षात घ्या. त्यानंतर आठच दिवसांनी, २६ ऑगस्ट १९८२ ला, गडचिरोली जिल्हा जन्माला आला. म्हणजे गडचिरोलीच्या पोलिसाने संघटना कधी पाहिलेलीच नाही. अडचणीत आलेल्याच्या मागे उभे राहायचे कुणी, याचे उत्तर इथे पहिल्या दिवसापासून रिकामे आहे.

हे उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे दिले गेले आहे. केरळमध्ये पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे. इंग्लंडमध्ये १९१८ आणि १९१९ साली पोलिसांनी संप केले, तेव्हा तिथल्या सरकारने संपाला बंदी केली आणि त्याच १९१९ च्या कायद्याने पोलीस फेडरेशन नावाची संस्था उभी करून दिली. संप करायचा नाही, पण अडचण मांडायला जागा हवी, असा तो सौदा. तिथे निलंबित पोलिसाला सामान्यतः पगार चालू राहतो, निलंबनाची कारणे दर चार आठवड्यांनी तपासावी लागतात आणि फेडरेशन सभासदाला चौकशीत साथ देते. अनेक दलांत अशा पोलिसाशी संपर्क ठेवायला एक अधिकारी नेमून दिलेला असतो. त्यावरही टीका होते. पगार चालू असल्याने चौकशा वर्षानुवर्षे चालतात आणि भार करदात्यावर पडतो, असे तिथले लोक म्हणतात. तिथली पद्धत जशीच्या तशी इथे आणा, असे मी म्हणत नाही. पण दर चार आठवड्यांनी कारण तपासणे आणि एका माणसाने संपर्कात राहणे, या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

वेळेचा प्रश्न

सगळ्या दुखण्यांचे मूळ एकच आहे, उशीर. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत कॅप्टन पॉल अँथनी हे सुरक्षा अधिकारी होते. १९८५ मध्ये त्यांच्या घरी छापा पडला, सोने सापडल्याचा आरोप झाला आणि ते निलंबित झाले. निर्वाह भत्ता मिळाला नाही, चौकशीला जाता आले नाही, एकतर्फी चौकशीत नोकरी गेली. १९८७ मध्ये फौजदारी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. नोकरी परत देण्याचा आदेश मात्र सर्वोच्च न्यायालयाकडून १९९९ मध्ये आला. मधली बारा वर्षे कोण भरून देणार?

पुढे २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक मर्यादा घातली. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही. दिले असेल तर निलंबन वाढवण्याची कारणे आदेशात लिहावी लागतील. साक्षीदारांवर दडपणाची भीती असेल, तर त्या माणसाला दूरच्या कार्यालयात पाठवण्याची मोकळीक न्यायालयाने सरकारला दिली. महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने हे तत्त्व आपल्या कर्मचाऱ्यांना लावले. प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे 'मॅट'पुढे, पोलीस कर्मचारीही या निर्णयाचा आधार घेतात. यात शहाणपण आहे. माणसाला वर्षानुवर्षे घरी बसवून अर्धा पगार देण्यापेक्षा, तक्रारदाराच्या वाटेत येणार नाही अशा ठिकाणी कामाला लावले तर सरकारचा पैसा वाचतो आणि माणूसही वाचतो. निलंबन उठले म्हणजे चौकशी संपली असे नाही, ती चालूच राहते.

घराने काय करावे

आता थोडे व्यवहाराचे. ज्या घरावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी.

पहिले, आदेशाची प्रत जपून ठेवा. तारीख, मुख्यालय आणि कोणत्या नियमाखाली आदेश निघाला, हे त्यात असते. तीन महिन्यांची मोजणी याच तारखेपासून सुरू होते. त्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवा.

दुसरे, भत्त्याचे प्रमाणपत्र पहिल्याच महिन्यापासून न मागता द्या आणि पोच घ्या. तीन महिने झाले की भत्ता वाढवण्याचा अर्ज करा.

तिसरे, पतसंस्थेला आणि बँकेला स्वतः जाऊन लेखी कळवा, हप्ता कमी करून मागा. जामीनदार मित्राला बातमी दुसऱ्याकडून कळू देऊ नका.

चौथे, चौकशीची तयारी. विभागीय चौकशीत न्यायालयासारखा वकील सहसा मिळत नाही. सरकारी नोकरीतील एखाद्या जाणत्या माणसाला बचाव साहाय्यक म्हणून घेता येते. ज्याने स्वतः चौकशा पाहिल्या आहेत असा निवृत्त हवालदार किंवा लिपिक यात फार उपयोगी पडतो. ज्या कागदांवरून आरोप झाला त्यांच्या प्रती मागा. रागाच्या भरात चौकशीवर बहिष्कार टाकू नका, त्याने एकतर्फी निकालाला वाट मोकळी होते.

पाचवे, न्यायालयाची किंवा मॅटची पायरी चढावी लागली तर. मॅटचे आपल्यासाठीचे पीठ नागपूरला आहे, आरमोरीहून सुमारे दीडशे किलोमीटर. आधी खात्यातले अपील करावे लागते, आणि अंतिम आदेशानंतर साधारण एका वर्षाच्या आत मॅटकडे जावे लागते. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा आठवा. त्या कायद्याखाली अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गडचिरोलीच्या दलात गोंड, माडिया समाजाचे कितीतरी जवान आहेत, महिला शिपाईही आहेत. मोफत वकील फक्त कैद्याला मिळतो असा समज आहे, तो काढून टाका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे साधा अर्ज चालतो.

सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे, मन. माणूस जेवत नाही, झोपत नाही, 'माझे आता काय राहिले' असे बोलू लागला, तर ते नुसते बोलणे समजू नका. टेली मानस नावाची सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. नाव सांगायची सक्ती नाही. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

खात्याने काय करावे

नियमांत जे लिहिले आहे, ते वेळेवर झाले तरी अर्धी कामे होतील. जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात कल्याणाचे काम पाहणारी माणसे असतात. जखमी जवानाच्या आणि हुतात्म्याच्या घरासाठी ती धावतात, ते योग्यच आहे. त्याच टेबलावर निलंबित कर्मचाऱ्यांचीही एक यादी ठेवायला काय हरकत आहे? भत्ता कुणाचा अडला, तीन महिने कुणाचे भरले, दोषारोपपत्र कुणाचे राहिले, एवढे तीन रकाने पुरेत. महिन्यातून एकदा त्या घरी फोन करावा. त्या फोनवर आरोपाविषयी एक शब्दही बोलायचे कारण नाही. मुले शाळेत जातात का, आईचे औषध चालू आहे का, एवढेच विचारावे. पोलीस अधीक्षकांच्या दरबारात शिपाई आपली गाऱ्हाणी मांडतात. निलंबितालाही तिथे उभे राहता यावे.

सहकाऱ्यांसाठी एकच सांगणे. चौकशीतल्या माणसाशी बोलणे म्हणजे त्याची बाजू घेणे नव्हे. साक्षीविषयी बोलू नका, कागद दाखवू नका. पण हजेरीला आलेल्या माणसाला चहा पाजायला कोणताही नियम आड येत नाही.

आणि आपण नागरिक? पोलिसाविरुद्ध तक्रार करायची वेळ आली तर जरूर करा. देसाईगंजच्या त्या मुलीचे धाडस आपल्याच मातीतले आहे. मात्र तक्रार आरोपीविरुद्ध असते, त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीविरुद्ध नसते, हे आपल्या गल्लीत आपणच पाळायचे आहे. चौकशी लवकर व्हावी, उघड कारणांनी व्हावी आणि तिचा निकाल लागेपर्यंत दोन्ही घरांत जेवण शिजावे, तक्रारदाराच्याही आणि आरोपीच्याही. मग दोषी ठरला तर त्याला शिक्षा भोगू द्या. निर्दोष ठरला तर त्याला पुन्हा आपल्या नाक्यावर उभा राहायचे आहे, रात्री दोन वाजता आपण केलेला फोन त्यालाच उचलायचा आहे.